मैदानाच्या दारातही ‘अर्धे तिकीट’ हवे

महोदय,

एसटीच्या वाहकापुढे ‘मुलांची दोन हाफ’ म्हणताना महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईबापाला संकोच वाटत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते, हे वाहकालाही ठाऊक असते आणि मुलालाही. त्यासाठी सणासुदीची योजना जाहीर व्हावी लागत नाही, की ‘पहिल्या शंभर जणांसाठीच’ अशी अट वाचावी लागत नाही. फुटबॉलच्या क्लबांनी मुलांना आणि कुटुंबांना तिकिटात सवलत द्यावी का, असा विषय निघाला की सवलत म्हणजे क्लबने दाखवलेला उदारपणा, असा सूर मला नेहमी ऐकू येतो. माझे म्हणणे असे आहे की मैदानावरचे मुलांचे अर्धे तिकीट हे एसटीतल्यासारखेच कायमचे, प्रत्येक सामन्याला लागू असलेले आणि सर्वांना आधीपासून माहीत असलेले असावे. फुकट पास वाटण्याला मात्र माझा विरोध आहे. त्याची कारणे पुढे देत आहे.

मी डोंबिवलीत राहते. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातल्या मैदानावर सामना असला की आम्ही चौघे लोकलने घाटकोपरला उतरतो आणि तिथून मेट्रोने आझाद नगरला जातो. समजा, तिकीट ४०० रुपयांचे आहे. एकट्या नोकरदार तरुणाला ती संध्याकाळ ४०० रुपयांना पडते, आम्हाला १,६०० रुपयांना. त्यात जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च मिळवला, तर महिन्यात दोन सामने पाहणे ही चैन ठरते. मग घराघरांत जो निर्णय होतो तो ठरलेला असतो. वडील आणि मुलगा सामन्याला जातात, आई आणि मुलगी घरी थांबतात. तिकीट सर्वांना सारखेच असले तरी ते परवडत नाही म्हणून नावे गाळण्याची वेळ आली की पहिले नाव मुलीचे गळते, ही गोष्ट क्लबांच्या हिशेबात कधी येते की नाही, मला शंका आहे. पुढच्या वर्षी ती मुलगी स्वतःच म्हणते, ‘मला नाही आवडत फुटबॉल.’ तिला तो आवडण्याची संधी कुणी दिलीच नव्हती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

याच मैदानावरची एक गोष्ट वाचकांना आठवत असेल. १ जून २०१८ रोजी इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईला (तैवान) ५-० असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला होते अवघे २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकून, हवी तर टीका करा, पण मैदानावर या, अशी कळकळीची विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे खपली. तो छेत्रीचा १००वा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या संध्याकाळी आम्हीही तिथे होतो. पाऊस असा कोसळत होता की पूर्वार्धात चेंडू पाण्यात अडत होता, आणि तरीही लोक जागेवरून हलले नाहीत. उत्तरार्धात तीन गोल झाले, तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी बाकावर उभी राहून ओरडत होती. एका खेळाडूच्या विनंतीने एक सामना भरला, याचा मला आजही आनंद वाटतो. परंतु भारताच्या कर्णधाराला हात जोडावे लागल्याशिवाय खुर्च्या भरत नसतील, तर दर पंधरवड्याला हात जोडायला कोण येणार? शिवाय त्या दिवशी सोमवार असला तरी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणूनच रात्री ८ वाजता सुरू होणाऱ्या सामन्याला इतकी मुले आली होती. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

तिकिटांचे दर आणि कुटुंबे यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर इंग्लंडचा अनुभव पाहावा लागतो, कारण तिथे हा वाद तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तीत जखमी झालेल्यांपैकी पुढे दगावलेले धरून एकूण ९७ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी १९९०च्या अहवालात मोठ्या मैदानांवर उभे राहण्याच्या जागा बंद करून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात, अशी शिफारस केली. त्याच अहवालात त्यांनी हेही म्हटले होते की, उभे राहून सामना पाहणाऱ्यांना परवडतील असे दर बसण्याच्या जागांनाही ठेवता येतील. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर उभ्याने ४ पौंड आणि बसून ६ पौंड, असे उदाहरणही त्यांनी दिले होते. खुर्च्या बसल्या, स्वच्छतागृहे सुधारली, मैदाने कुटुंबांना येण्याजोगी झाली. दरांविषयीचा सल्ला मात्र मागे पडला आणि मोठ्या क्लबांची तिकिटे वाढतच गेली. ज्या सुधारणांमुळे बाप आपल्या मुलाला निर्धास्तपणे मैदानावर नेऊ शकला असता, त्याच काळात त्याच्या खिशाला ते जड होत गेले, ही त्या सगळ्या कथेतली मला सर्वात सलणारी गोष्ट आहे.

तिथल्या प्रेक्षकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधल्या तिकिटासाठी ७७ पौंड दर ठरवला, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या सामन्यात बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो समर्थक उठून बाहेर गेले. संघ तेव्हा २-० असा पुढे होता; सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी तो दर मागे घेतला. त्याच वर्षी सुरू झालेल्या हंगामापासून पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीच्या, क्लबांनी मान्य केली. असे असूनही २०२४ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्येच उरलेल्या सामन्यांच्या, क्लबच्या सदस्यांना मिळणाऱ्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड, म्हणजे सुमारे ७ हजार रुपये केला आणि लहान मुले व ज्येष्ठ यांची सवलत त्या तिकिटांपुरती काढून टाकली. तोवर मुलांची तिकिटे २५ पौंडांपासून मिळत होती. समर्थकांचा जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी वाढलेल्या आकड्याइतकाच हा भाव होता की क्लबने मुलाला मूल मानणेच सोडून दिले.

या उलट ब्रॅडफर्ड सिटी या इंग्लंडमधल्याच क्लबचे उदाहरण मला आपल्याकडच्या क्लबांसाठी अधिक उपयोगाचे वाटते, कारण तो श्रीमंत नाही आणि २०१५-१६ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्या हंगामासाठी त्याने प्रौढांचा संपूर्ण हंगामाचा पास १४९ पौंडांना दिला. घरच्या मैदानावरचे २३ लीग सामने धरले तर एका सामन्याला साडेसहा पौंडही पडत नाहीत. तिसऱ्या श्रेणीतल्या त्या संघाच्या सामन्यांना सरासरी १८ हजारांच्या घरात लोक येत होते. क्लबने हिशेब सरळ ठेवला होता: हंगामाआधी थोडे, पण खात्रीचे पैसे घ्यायचे आणि मैदान भरलेले ठेवायचे. सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली की न विकल्या गेलेल्या खुर्चीची किंमत शून्य होते. ती भाजीसारखी दुसऱ्या दिवशी उतरत्या भावानेही विकता येत नाही. आपल्याकडे तर व्यावसायिक क्लब मुख्यतः मालकांच्या आणि प्रायोजकांच्या पैशावर चालतात, तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा तुलनेने लहान असतो. म्हणून मुलांच्या तिकिटांतून क्लबला जे सोडावे लागेल ते फार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग फुकटच का देऊ नये, असे कुणी विचारेल. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक क्लबच्या सामन्याला आमच्या पुढच्या चार रांगांत एका शाळेची मुले बसवली होती. त्यांना पास फुकट मिळाले होते, टोप्या आणि कागदी झेंडे मिळाले होते, आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळला की ती उत्साहाने ओरडत होती. मध्यंतर झाले आणि शिक्षकांनी त्यांना उठवले, कारण बस परत न्यायची होती. सामन्याचा निकाल त्या मुलांना दुसऱ्या दिवशी कळला असेल किंवा नसेलही. त्यात शिक्षकांचा दोष नव्हता. रात्रीची वेळ होती आणि मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. पण क्लबला त्या दिवशी भरलेल्या रांगा मिळाल्या, प्रेक्षक मिळाले नाहीत. क्रिकेटमध्ये मुंबई इंडियन्सचा एक सामना दर हंगामात स्वयंसेवी संस्थांच्या हजारो मुलांसाठी राखला जातो आणि वानखेडेचे ते दृश्य पाहून माझेही डोळे भरून येतात. ज्या मुलांना एरवी दारातही उभे राहता आले नसते, त्यांच्यासाठी तो दिवस अमूल्य आहे आणि तो तसाच चालू राहावा. मात्र अशा दिवसाने बाकीच्या सामन्यांचा प्रश्न सुटत नाही. मूल सामन्याशी बांधले जाते ते आईवडिलांबरोबर, आजोबांबरोबर पुन्हा पुन्हा एकाच बाजूला जाऊन बसल्याने. स्वतःच्या पैशांचे, भले ५० रुपयांचे का असेना, तिकीट काढलेले घर शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबते.

दर कमी केले की कुटुंबे आपोआप येतील, असेही मी म्हणत नाही, आणि हे मी कोल्हापूरची मुलगी म्हणून सांगते. शाहू स्टेडियमवर तिकीट कधीच आवाक्याबाहेर नव्हते. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ या स्थानिक संघांची गाठ पडली की दुपारपासून गर्दी लोटते. अख्खी पेठ मैदानावर उतरते. मी नऊ वर्षांची असताना वडिलांच्या बोटाला धरून तिथे गेले आणि फुटबॉल माझा झाला तो तिथेच. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. पण त्या गर्दीत माझ्यासारख्या मुली किती होत्या, हे मी मोजू शकत असे. ईर्ष्या विकोपाला जाऊन हुल्लडबाजी झाल्याचे, सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही कोल्हापूरकरांनी पाहिले आहेत, आणि शिवीगाळीच्या लाटेत लेकीला घेऊन बसायला पालक धजावत नाहीत. तिथे अडसर तिकिटाचा नसून वातावरणाचा आहे. म्हणून सवलतीच्या तिकिटाबरोबर कुटुंबांसाठी वेगळी गॅलरी, तिथे पुरेशा महिला सुरक्षारक्षक, पिण्याचे पाणी आणि दारे लागणारी स्वच्छतागृहे या गोष्टी यायलाच हव्यात. पाण्याची बाटली प्रवेशद्वारावर काढून घ्यायची आणि आत पाणी विकत घ्यायला लावायचे, हे लहान मुलांच्या बाबतीत तरी थांबावे.

आता वेळेचा मुद्दा. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी बरेच सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेनऊच्या आसपास संपतात. तिथून डोंबिवली, वसई किंवा पनवेल गाठेपर्यंत अकरा वाजतात आणि सकाळी सातची शाळा असते. अशा सामन्याला मुलांचे तिकीट दहा रुपयांचे केले तरी शहाणा पालक जाणार नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होणारे सामने वाढवणे क्लबच्या एकट्याच्या हाती नाही, हे मला मान्य आहे. परंतु लीगचे वेळापत्रक ठरताना घरच्या मैदानावरचे निदान तीन-चार सामने या वेळेत मागून घेणे त्यांना अशक्य नसावे.

सवलतीचा गैरवापर होईल, मुलांची तिकिटे काढून मोठी माणसे आत शिरतील, असा आक्षेप घेतला जातो. रेल्वे आणि एसटी दिवसाला लाखो प्रवाशांच्या बाबतीत हा प्रश्न हाताळतात; काही हजार प्रेक्षकांच्या मैदानावर शाळेचे ओळखपत्र पाहणे आणि मुलाच्या तिकिटासोबत एका प्रौढाचे तिकीट बंधनकारक करणे जड जाऊ नये. गोलपोस्टमागे ढोल-ताशे घेऊन उभ्याने सामना पाहणाऱ्या निष्ठावंत समर्थकांनाही असे वाटू शकते की आमच्याकडून पूर्ण पैसे घ्यायचे आणि नवख्यांना सवलत द्यायची, हा अन्याय आहे. त्यांची तक्रार रास्त आहे. ऊन-पाऊस न पाहता येणाऱ्यांच्या हंगामी पासाचा दर आधी खाली यावा आणि मग कुटुंबांची सवलत जाहीर व्हावी, हा क्रम क्लबांनी पाळला तर दोन्ही गट एकमेकांकडे संशयाने पाहणार नाहीत.

माझी महाराष्ट्रातल्या आणि शेजारच्या गोव्यातल्या व्यावसायिक क्लबांना विनंती आहे की, पुढच्या हंगामाची तिकिटे विक्रीला काढताना पहिल्या दिवसापासून, पहिल्याच पानावर, प्रौढांच्या दराशेजारी १२ वर्षांखालील मुलांचा अर्धा दर छापावा आणि मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना आला म्हणून तो काढून घेऊ नये. माझी मुलगी आता अर्ध्या तिकिटाच्या वयातून बाहेर पडली आहे, धाकट्याला अजून तीन वर्षे बाकी आहेत.

आपली,
एक फुटबॉलप्रेमी आई,
डोंबिवली (पूर्व)