चिंचिला घरी आणण्यापूर्वी खोलीचे तापमान पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मऊ राखाडी लव, मोठे गोल कान, टपोरे काळे डोळे आणि पुढच्या पायांत घास धरून खाण्याची ढब यांमुळे चिंचिला हा कुरतडणारा छोटा प्राणी पाहताक्षणी आवडतो. समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून तो आपल्या घरी असावा असे अनेकांना वाटू लागते. मीही बरीच वर्षे चिंचिला सांभाळत आहे आणि या प्राण्यावर माझा फार जीव आहे. म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते: ज्या घरात उन्हाळाभर दिवसरात्र थंड, कोरडी हवा राखता येत नाही, त्या घराने चिंचिला पाळू नये आणि विकणाऱ्यानेही तो तेथे देऊ नये. बाकीची निगा शिकता येते, पण ही अट पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.

या अटीचे कारण चिंचिलाच्या मूळ प्रदेशात आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर, कपारींच्या आडोशाने तो वसाहती करून राहतो. तेथील रात्रीच्या थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या अंगावर अतिशय दाट लव असते. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून साधारणपणे एक ते तीन केस उगवतात, तर चिंचिलाच्या त्वचेवर एकाच छिद्रातून साठाच्या आसपास बारीक केस निघतात. हीच लव त्याच्या जिवावर उठली. एका कोटासाठी शंभराहून अधिक कातडी लागत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी शिकार इतकी बेसुमार झाली की १९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या देशांना तिच्यावर बंदी घालणारा करार करावा लागला. पुढे १९२३ मध्ये मॅथियास चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने मोजके चिंचिला चिलीतून कॅलिफोर्नियात नेले. आज घरोघरी दिसणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. तेही मुळात लोकरी कातड्याच्या व्यवसायासाठीच वाढवले गेले होते, हे त्यांना कुशीत घेताना आपण लक्षात ठेवावे. चिलीने १९८३ मध्ये रानातल्या चिंचिलांसाठी राखीव क्षेत्र स्थापन केले, तरी चिंचिलाच्या दोन्ही रानटी जाती आजही धोक्यात आहेत. घरी चिंचिला पाळल्याने रानातल्या चिंचिलाचे रक्षण होते, असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

आता उष्णतेविषयी. चिंचिलाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्याकडे मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्या असतात. पंधरा ते वीस अंश सेल्सिअसमध्ये तो सुखाने राहतो, पंचविशीच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. पंखा लावून भागत नाही, कारण पंख्याचा गारवा आपल्याला जाणवतो तो घाम सुकल्यामुळे. ज्याला घामच येत नाही त्याच्या अंगावर खोलीतली गरम हवाच फिरत राहते. पिंजऱ्यात ठेवलेली दगडी फरशी थोडा दिलासा देते, पण वातानुकूलनाची जागा ती घेऊ शकत नाही. कान लालबुंद होणे, तोंडातून लाळ गळणे, धापा टाकणे, कुशीवर निपचित पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यावर हातात फार थोडा वेळ उरतो. वीज गेली आणि घरी कोणी नसेल तर काय करायचे, याचे उत्तर प्राणी येण्यापूर्वीच तयार असले पाहिजे.

त्याच दाट लवेमुळे त्याला पाण्याने आंघोळ घालता येत नाही. भिजलेली लव मुळापर्यंत वाळत नाही, अंगात गारठा शिरतो आणि त्वचेवर बुरशी धरते. तो धुळीत लोळून स्वच्छ होतो. ही धूळ ज्वालामुखीच्या राखेसारखी अत्यंत बारीक असावी लागते. साधी वाळू भरड असल्याने केस तुटतात, सुगंधी पावडर फुप्फुसांना अपाय करते. आठवड्यातून काही वेळा दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. भांडे नंतर काढून घ्यावे, नाही तर धूळ घाण होते आणि डोळे चुरचुरू लागतात.

उष्णतेच्या खालोखाल सर्वाधिक चिंचिला आजारी पडतात ते चुकीच्या खाण्याने, असे माझे मत आहे, आणि याचे मूळ बहुधा मायेतच असते. मनुका, बदाम, सूर्यफुलाच्या बिया, फळांचे तुकडे त्याला फार आवडतात, हातातून घेऊन खाताना तो गोड दिसतो आणि देणाऱ्याचा हात थांबत नाही. परंतु या प्राण्याचे पोट रानातल्या रुक्ष, तंतुमय चाऱ्यासाठी घडले आहे. त्याला उलटी करता येत नाही. आतड्यात वायू धरला किंवा आतड्याची हालचाल मंदावली तर तो पाहता पाहता दगावू शकतो. शिवाय त्याचे वीसही दात, म्हणजे पटाशीचे आणि दाढा दोन्ही, आयुष्यभर वाढत राहतात. लाकूड कुरतडून पटाशीचे दात झिजतात, पण दाढा झिजतात त्या वाळलेले गवत तासन् तास आडवे रवंथल्यासारखे चावण्याने. गवत कमी पडले की दाढांची मुळे जबड्यात आणि डोळ्याच्या दिशेने वाढू लागतात. डोळ्यातून पाणी येणे, हनुवटी लाळेने ओली राहणे, आवडता खाऊही तोंडातून पडणे ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे टिमोथीसारखे वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे, सोबत मोजके साधे दाणेदार खाद्य आणि स्वच्छ पाणी. निरोगी चिंचिलाचे पुढचे दात पिवळसर-नारिंगी असतात. ते पांढरे पडू लागले तर तपासणी करून घ्यावी. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवण्याची सवय लावावी, कारण आजार लपवणाऱ्या या प्राण्यात वजनातली घट सर्वांत आधी बोलते.

लहान मुलांसाठी खेळणे म्हणून तर हा प्राणी मुळीच आणू नये. तो दिवसा झोपतो, सांजवेळी जागा होतो आणि रात्रभर उड्या मारतो. त्याच्या बरगड्या नाजूक असतात आणि पकडल्यावर घाबरला तर तो लवेचा झुबकाच सोडून निसटतो. शिकारी प्राण्याच्या तोंडातून सुटण्याची ही त्याची युक्ती आहे, आणि ती लव पुन्हा भरून यायला बरेच आठवडे लागतात. त्याला उंच, प्रशस्त, फळ्यांचे मजले असलेला धातूचा पिंजरा हवा. प्लास्टिक तो कुरतडतो आणि तुकडे पोटात अडकतात. त्याला सोबतही हवी. मात्र नर-मादी एकत्र ठेवणे म्हणजे पिल्लांची जबाबदारी ओढवून घेणे होय. गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो आणि व्याल्यानंतर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते. रंगांच्या हौसेपायी पैदास करणाऱ्यांनी हेही जाणावे की ‘व्हेल्व्हेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रंगप्रकारातील दोन चिंचिलांची जोडी लावू नये. त्या रंगाचे जनुक आई-बाप दोन्हीकडून मिळालेला गर्भ जगत नाही.

पशुवैद्यकाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला चिंचिलाचा अनुभव असतोच असे नाही. पेनिसिलिन गटातील काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि औषधच जीवघेणे ठरू शकते. दाढांच्या मुळांची खरी स्थिती कळायला क्ष-किरण तपासणी लागते. असा जाणकार डॉक्टर आवाक्यात आहे ना, हे प्राणी आणण्याआधी विचारून घ्यावे. चिंचिलाने दिवसभर खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर डॉक्टर शोधायला सवड नसते.

नीट निगा राखल्यास हा प्राणी पंधरा ते वीस वर्षे जगतो. शाळकरी मुलाच्या हट्टाखातर आणलेला चिंचिला ते मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावरही घरातच असतो. म्हणून विक्रेत्यांना माझे सांगणे आहे की त्यांनी ग्राहकाला आधी त्याच्या खोलीचे भर उन्हाळ्यातले तापमान विचारावे, निगेची माहिती लेखी द्यावी आणि उत्तर समाधानकारक नसेल तर विक्री नाकारावी. ज्यांची तयारी खरोखर आहे, त्यांनी पिल्लू विकत घेण्याऐवजी आधीच्या मालकाला सांभाळणे अशक्य झालेला प्रौढ चिंचिला स्वीकारण्याचा विचार करावा. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे की चिंचिलाचे छायाचित्र जेव्हा जेव्हा छापले जाईल, तेव्हा त्याखाली त्याला लागणारे तापमान, त्याचा चारा आणि त्याचे आयुर्मान एवढ्या तीन ओळी अवश्य द्याव्यात.

कळावे,
आपला एक नियमित वाचक