मेनन ‘ईशान्य मुंबई’तून कधीच निवडून आले नाहीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण मुंबईतल्या लोकसभा मतदारसंघांची ओळख करून देणाऱ्या चौकटी छापल्या. आमच्या ईशान्य मुंबईच्या चौकटीत ‘व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दोनदा प्रतिनिधित्व केलेला मतदारसंघ’ असं वाक्य आहे. मी घाटकोपरची. जन्म इथलाच, नोकरी महापालिकेच्या शाळेत, आणि निवृत्त होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत ड्यूटी केलेली. म्हणून राहवलं नाही. मेनन, म्हणजे नेहरूंच्या काळातले संरक्षणमंत्री, ईशान्य मुंबईतून दोनदा उभे राहिले हे खरं, पण दोन्ही वेळा पडले, तेही एकाच वर्षात. ते दोनदा निवडून आले तो मतदारसंघ वेगळा. त्याचं नाव मुंबई शहर उत्तर, आणि 1967 पासून तो अस्तित्वातच नाही.

चूक कशी झाली असेल हेही कळतं. मतदार तेच, घरं तीच, आमची चाळही तीच. नाव तेवढं बदललं.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत मुंबईला लोकसभेच्या चार जागा होत्या. दक्षिण मुंबईची एक, उत्तर मुंबईच्या दोन आणि ‘मुंबई उपनगर’ नावाची एक. हे ‘उपनगर’ नाव आलं ते जुन्या बी.एस.डी.वरून, म्हणजे बॉम्बे सबर्बन डिस्ट्रिक्टवरून. 1920 साली ठाण्यातून काढलेला हा जिल्हा. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत बी.एस.डी. हाच शब्द होता. घाटकोपर 1950 मध्ये मुंबई महापालिकेत आलं, त्याआधी घाटकोपर-किरोळ नगरपालिका होती. आजोबांना मात्र मुंबईला जायचं असेल तर ते ‘मुंबईत जाऊन येतो’ म्हणत. घाटकोपर म्हणजे मुंबई नव्हेच.

या उपनगर मतदारसंघाच्या पहिल्या खासदार जयश्री रायजी. काँग्रेसच्या, महिला परिषदेच्या कामातून आलेल्या. पुढे 1980 मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. उपनगरानं दिल्लीला पाठवलेला पहिला माणूस ही एक बाई होती, हे आमच्या शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा मीही शिकवलं नाही. माझ्या पुस्तकात ते नव्हतंच. आपल्या चौकटीतही नाही.

आता त्याच वर्षीची ‘उत्तर मुंबई’ बघा. ती दोन जागांची. बाबासाहेब आंबेडकरांना नारायण काजरोळकरांनी हरवलं ते तिथेच. पण ती उत्तर मुंबई म्हणजे बेटाचा उत्तर भाग, उपनगरं नव्हेत. 1957 मध्ये सीमा बदलल्या, उपनगर हे नाव यादीतून गेलं आणि उपनगरांच्या वाट्याला ‘उत्तर’ हे नाव आलं. म्हणजे आंबेडकर ज्या उत्तर मुंबईत हरले ती वेगळी, मेनन ज्या उत्तर मुंबईत जिंकले ती वेगळी. नुसतं नाव बघून यादी उतरवली की हे असं होतं.

1957 ची गोष्ट माझ्या आईची आहे. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह डकवलेलं, आणि आपली चिठ्ठी आपल्याला हवी त्या पेटीत टाकायची. मेनन यांची, म्हणजे काँग्रेसची, बैलजोडीची पेटी, समोर पीटर अल्वारिस यांची झोपडीची. अल्वारिस प्रजासमाजवादी पक्षाचे, पुढे गोव्यातून लोकसभेत गेले. मेनन जानेवारीत संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर आठ तासांच्या आसपास बोलून आले होते आणि आमचे वडील त्यामुळे अगदी भारावलेले. घरात दुसरा विषय नव्हता म्हणे. आई पडद्याआड गेली आणि चिठ्ठी झोपडीत टाकून आली. का, तर ‘मुंबई मिळत नाही तोवर बैलाला मत नाही.’ बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, टाकलंस ना? तिनं मान हलवली. हे तिनं मला सांगितलं ते वडील गेल्यानंतर, 1988 मध्ये. आणि सांगतानाही आवाज खाली.

संयुक्त महाराष्ट्राचा जोर एवढा होता की दोन जागांच्या मध्य मुंबईत काँग्रेसविरोधी डांगे आणि माने दोघंही निवडून आले, तरी उपनगरात मेनन जिंकले.

1962 मी स्वतः पाहिलं, आठ वर्षांची असताना. आचार्य कृपलानी विरोधात उभे. शाळेतून येताना आम्ही पोरं घोषणा देत यायचो: ‘चीनी हमले होते हैं, मेनन साहब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो.’ अर्थ काही कळत नव्हता, यमक छान होतं. वडिलांनी एकदा ऐकलं आणि थोबाडीत दिली. निकाल लागला तेव्हा मेनन 1 लाख 45 हजारांच्या फरकानं जिंकले होते, वडिलांनी पेढे वाटले, आणि त्याच वर्षी चीनचं युद्ध होऊन मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. ज्या घोषणेसाठी मी मार खाल्ला ती दहा महिन्यांत सगळा देश देत होता. वडिलांनी त्यावर कधीही चकार शब्द काढला नाही.

1967 मध्ये मुंबईच्या जागा पाच झाल्या आणि उपनगरांची उभी चीर पडली. पश्चिम रेल्वेकडचा भाग वायव्य मुंबई, आमचा मध्य रेल्वेकडचा ईशान्य. काँग्रेसनं मेनन यांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे उमेदवार सदाशिव गोविंद बर्वे, आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं उभं करणारे. आदल्या वर्षीच स्थापन झालेल्या शिवसेनेनं मेनन यांच्या विरोधात सगळा जोर लावला. बर्वे जिंकले, 13 हजारांच्या आसपास मतांनी. आणि मार्चमध्ये बर्वे वारले. पोटनिवडणूक लागली, काँग्रेसनं त्यांच्या बहिणीला, तारा सप्रे यांना उभं केलं, मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. आईच्या बोटावरची आधीची शाई नखाच्या टोकाला सरकली होती, तोच पुन्हा शाई लागली. एवढं मला नक्की आठवतं, कारण पीठ मळताना ती बोट वर धरून मळत होती.

कुर्ला पूर्वेला स. गो. बर्वे मार्ग आहे. रोज हजारो माणसं तिथून जातात. मी एकदा माझ्या सातवीच्या वर्गाला विचारलं, बर्वे कोण? एकानं सांगितलं, बिल्डर.

1977 मध्ये सहावी जागा आली आणि ‘उत्तर मुंबई’ हे नाव पुन्हा अवतरलं, तिसऱ्याच भागासाठी. तिथून मृणालताई गोरे निवडून आल्या. आमच्याकडे सुब्रमण्यम स्वामी. माझं पहिलं मत याच निवडणुकीतलं, तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागत. बोरिवलीकडचं कुणी मेनन यांना ‘आमचे जुने खासदार’ म्हणालं तर ते एका अर्थी खरं आणि आमचं म्हणणंही तितकंच खरं. वसई-विरार 2008 पर्यंत याच उत्तर मुंबईत होतं. आता ते पालघरमध्ये आहे, म्हणजे ‘उत्तर मुंबईचे माजी खासदार’ ही यादी वसईकरांचीही आहे आणि तिथे ती कुणी छापणार नाही.

सीमा बदलल्या की माणसांचं काय होतं हे मी 2009 मध्ये केंद्रावर पाहिलं. आमचं घाटकोपर पूर्व आणि पश्चिम असं दुभंगलं होतं. सत्तरी पार केलेले एक काका यंत्रासमोर गेले ते बाहेरच येईनात. मी पुठ्ठ्याच्या आडोशाकडे पाहून विचारलं, काका, काही अडलं का? म्हणाले, ‘बाई, पंजा कुठाय? आणि कामतांचं नाव नाही.’ गुरुदास कामत आमच्याकडून चारदा निवडून आलेले, त्या वर्षी ते वायव्य मुंबईतून उभे होते, आणि आमची जागा आघाडीत राष्ट्रवादीला गेली होती. काकांना हे सगळं माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. नियमच तसा. बाजूला बसलेला पोलिंग एजंट माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, यंत्रावर आहेत तेवढेच उमेदवार. काका पुन्हा आत वळले, बीप वाजला. कुणाला दिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या रेषा पुन्हा ओढल्या जाणार अशी चर्चा आहे. तेव्हा आपण अशा चौकटी पुन्हा छापालच. माझी विनंती एवढीच की नावांची यादी छापण्याऐवजी नकाशे छापा. 1952, 1957, 1967, 1977 आणि 2008, असे पाच नकाशे शेजारी शेजारी. घाटकोपर स्टेशनवर एक ठिपका द्या आणि तो ठिपका प्रत्येक वेळी कुठल्या नावाखाली गेला ते दाखवा. वाचकाला आपल्या आजीनं कुणाला मत दिलं असेल याचा तरी अंदाज येईल. (खरं कुणाला दिलं ते आजी सांगेलच असं नाही.)

तोवर मेनन यांच्याबद्दलच्या वाक्याची दुरुस्ती छापावी. दोन ओळी पुरतील. आणि जागा उरलीच तर जयश्री रायजी यांचं नाव.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
घाटकोपर (पूर्व)