सोमवार की शनिवार

सेंट मेरीज, पेनसिल्व्हेनिया
10 मार्च 2019

ती. अण्णा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

वहिनी म्हणाल्या की व्हिडिओवर अण्णांना आता माझं काहीच ऐकू येत नाही, नुसते हललेले ओठ दिसतात, आणि फोन ठेवला की विचारतात, "काय म्हणत होता?" म्हणून कागद घेतला. वहिनी, वाचून दाखवा. जरा मोठ्यानं.

मी खुशाल आहे. थंडी ओसरली, बर्फ कडेकडेनं उरलाय. कामाचं तेच ते, ते लिहीत नाही. जेवण वेळच्या वेळी होतं. भाकरी थापताना अजून मोडते, पण मोडलेली भाकरी पोटात गेल्यावर कोण बघतंय?

आता आईचं. नारिंगी टोपीतला माझा फोटो बघितल्यापासून तिची झोप उडालीय असं कळलं. आई, मागे भिंतीवर शिंगं होती, हातात बंदूक नव्हती. फोटो मोठा करून बघ, माझ्या हातात चहाचा कप आहे. मी बंदुकीला हात लावलेला नाही आणि लावणार नाही. टीव्हीवर दाखवतात ते गोळीबार शहरांतले, शाळांतले. त्याचा आणि या माणसांचा संबंध नाही. आमच्या कारखान्यातली हरणं मारणारी माणसं इतकी गरीब स्वभावाची आहेत की चहाच्या मशीनपाशी एकमेकांना 'आधी तू' म्हणत उभी राहतात. आणि टोपीला घाबरू नकोस, ती जीव वाचवायसाठीच असते. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर पाहिजे, चारी बाजूंनी दिसेल असं, हा इथला कायदा आहे. माणसाला तो रंग लांबून दिसतो, हरणाला तो वेगळा ओळखू येत नाही. मी हंगामात रस्त्यानं चालतानाही टोपी घालतो. आणखी काय करू?

पण ही हरणांची भानगड नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायची नाही. मला स्वतःला तीन वर्षं लागली.

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं हरणाला हात लावला की जेल. इथे पेनसिल्व्हेनियात 2017-18 च्या हंगामात साडेतीन लाखांवर हरणं मारली गेली, सगळी लायसन काढून. पहिल्या वर्षी आकडा ऐकला तेव्हा अंगावर काटाच आला. मग आमच्या फोरमननं समजावलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यात हरीण जवळजवळ संपलं होतं. मग 1895 मध्ये गेम कमिशन, म्हणजे शिकारीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, नेमलं, 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, शिकारीवर बंधनं आली. लांडगे तर कधीच संपले होते. हरणं अशी वाढली की रानात नवं झाड उभं राहीना, कोंब दिसला की खाल्ला. मक्याची तर तीच गत, जी राधानगरीकडून उतरलेले गवे आपल्या उसाची करतात. म्हणून आता दरवर्षी मोजून मारतात. माझं मत विचाराल तर मला अजून बघवत नाही; रस्त्यात गाडीपुढं हरीण आलं की मी पाटील असूनही हात जोडतो. पण ही माणसं ज्याला मारतात त्याच्याबद्दल इतकं बोलतात, इतकं जाणतात, की त्यांना नुसतं खाटीक म्हणून सोडून देता येत नाही.

तर थँक्सगिव्हिंग म्हणून इथला सण आहे, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. आपल्या दिवाळीसारखी सगळी पोरं घरी येतात. त्यानंतरचा जो सोमवार, तो हरणांच्या रायफल शिकारीचा पहिला दिवस. 1963 पासून हाच दिवस. या सोमवारी शाळा बंद! पाऊस नाही, निवडणूक नाही, शिक्षक आणि मुलं रानात गेलीत म्हणून शाळा बंद. आमच्या कारखान्यात त्या दिवशी हजेरी इतकी पडते की निम्म्या भट्ट्या चालूच करत नाहीत. मी एकटा भारतीय, मी हजर. पहिल्या वर्षी मला वाटलं संप झालाय, मी बिचकत बिचकत गेटवरच्या माणसाला विचारलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आज पहिला दिवस आहे." कशाचा, ते सांगायची त्याला गरज वाटली नाही. आपल्याकडं 'आज देवीची म्हाई आहे' म्हटल्यावर पुढं कोण काय विचारतं?

आणि या सोमवारावरूनच सध्या गावात भांडण पेटलंय. कमिशननं जानेवारीत ठरवलं की या वर्षीपासून हंगाम सोमवारी नाही, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडायचा. ही पहिली मंजुरी झाली, शेवटचं मतदान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला. तेव्हापासून डबा खायच्या खोलीत दुसरा विषय नाही. एका बाकावर सोमवारवाले, दुसऱ्यावर शनिवारवाले. मायक्रोवेव्हपाशी उभा राहून मी दोन्हीकडं मान डोलावतो.

शनिवारवाले बहुतेक तरुण. त्यांचं गणित सोपं आहे. इथे रविवारी हरणाची शिकार करायला कायद्यानं बंदी आहे, जुन्या काळापासूनची. (ती उठवायचं वेगळं विधेयक आलंय, त्यावर शेतकरी नाराज आहेत, ते पुन्हा कधी.) म्हणजे नोकरी करणाऱ्याच्या हातात फक्त शनिवार. हंगाम सोमवारी उघडला तर दोन आठवड्यांत दोन शनिवार, शनिवारी उघडला तर तीन. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला सोमवारी पहाटे रानात बसून वर्गात कसं जाता येईल? लायसन काढणारे वर्षागणिक कमी होतायत, आणि कमिशनचा खर्च बराचसा त्या लायसनच्या पैशावर चालतो. 20 डॉलर 90 सेंटचं लायसन, वीस वर्षं दर तोच. पोरंच आली नाहीत तर पुढं कोण?

सोमवारवाले म्हणतात, गुरुवारी सणाचं जेवण झालं की शुक्रवार-शनिवारी गाड्या भरून लोक वर डोंगरात यायचे. दुकानात काडतुसं घ्यायची, हॉटेलात नाश्ता, फायर ब्रिगेडच्या हॉलमधलं जेवण, वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन दिवसांत. आता गुरुवारच्या ताटावरूनच उठून पळायचं का? आणि शनिवारी डाव मांडायचा, रविवारी झाकून ठेवायचा, सोमवारी परत उघडायचा, ही कुठली रीत? एक आजोबा तर म्हणाले, "हरणाला वार कळत नाही, पण माझ्या गुडघ्यांना कळतो."

आमचा फोरमन कट्टर सोमवारवाला. कमिशनला हातानं पत्र लिहिलंय त्यानं. मी त्याचा लेखनिक आहे, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मादी मारायचं लायसन वेगळं असतं आणि त्याचा अर्ज गुलाबी पाकिटात घालून कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, खजिनदाराकडं पोस्टानंच पाठवावा लागतो, आत परतीचं पाकीट तिकीट लावून. मोजकीच लायसनं, उशीर झाला की संपली. त्याचा चष्मा जुना, म्हणून गेल्या जुलैत पत्ता मी घातला. अण्णा, सोसायटीच्या कर्जाचे फॉर्म भरून भरून माझं अक्षर वळलं ते असं उपयोगी पडलं. लायसन मिळालं तेव्हा त्यानं सगळ्या शिफ्टला सांगितलं की या पोराचा हात चांगला आहे.

म्हणूनच नोव्हेंबरात हंगामाच्या आदल्या रविवारी त्यानं मला त्याच्या कॅम्पवर नेलं. कॅम्प म्हणजे तंबू नव्हे, रानातली लाकडी खोली. मध्ये लाकडाची शेगडी, आठ माणसांची बिछायत, भिंतीवर शिंगं. तो फोटो तिथला. दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं वर्षं लिहिलीत, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं नावं, कुणी काय मारलं ते. त्याच्या वडिलांचं अक्षर वरती, मग त्याचं, मग त्याच्या मुलाचं लहानपणचं, वाकडंतिकडं. 2011 पासून मुलाचं नाव नाही. तो टेक्सासला असतो. मी त्या ओळींवर बोट ठेवलं तर म्हातारा म्हणाला, "त्याला रजा मिळत नाही." आणि शेगडीत लाकूड सारलं.

मुलाचा फोन असतो. म्हणतो, शनिवार करा, मी येतो. गुरुवारी घरी, शनिवारी रानात, रविवारी विमान. फोरमन म्हणतो, माझ्या बापानं या सोमवारासाठी नोकरी सोडली होती, याला एक रजा टाकता येईना? सगळ्या खोलीला हे माहीत आहे. शनिवारवाली पोरं त्याच्यासमोर आवाज खाली आणतात.

अण्णा, तुम्हाला आठवत असेल. आपली म्हाई मंगळवारची. मंडळाच्या पोरांनी रविवार मागितला, पुण्या-मुंबईची माणसं यावीत म्हणून. मी पुण्याहून फोन करून तुमच्याशी वाद घातला होता. तुम्ही म्हणालात, "देवीनं काय तुझ्या कंपनीचं कॅलेंडर बघायचं?" मी चिडून फोन ठेवला. शेवटी रविवार झाला, तुम्हीच बैठकीत हात वर केलात असं मला मागाहून कळलं. आणि त्या रविवारी कंपनीत ऑडिट निघालं. आईनं माझ्या वाट्याचा डबा झाकून ठेवला होता.

तेव्हा टेक्सासच्या त्या पोराची मला खात्री वाटत नाही. हे मी म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही.

(वहिनी, पुढची ओळ आईसमोर मनातच वाचा. हरणाचं मटण खाल्लं, एकदाच, कॅम्पवर. आपल्या मसाल्याशिवाय त्यात राम नाही. आईच्या माळेची शपथ मी घेतली नव्हती, त्यामुळे मोडली नाही.)

आता घरचं. शुभाच्या लग्नाचं वहिनींकडून कळलं. मुलगा चांगला आहे, माणसं ओळखीतली आहेत, मला पसंत आहे. माझी पसंती कुणी विचारली नव्हती, तरी सांगतो. मेमधला मुहूर्त माझ्यासाठी सोडून डिसेंबरचा धरायचा म्हणताय. तो धरू नका. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज ऑक्टोबरपासून अडकलाय. वकील म्हणतो, बाहेर गेलास तर नवा शिक्का लागेल आणि मुंबईत किती दिवस लटकशील ते सांगता येत नाही. डिसेंबरपर्यंत सुटेलही. पण तुम्ही तारीख हलवायची, पाव्हण्यांची मनधरणी करायची, आणि तेव्हा परत माझं काहीतरी निघायचं. ते नको. मेमध्येच उरका. शुभाला मी वेगळा फोन करतो, तिला रडू देऊ नका, मी व्हिडिओवर अक्षता टाकीन. हसू नका, इथे सगळे तसंच करतात.

अडीच लाख पाठवलेत, अण्णांच्या खात्यावर सोमवारपर्यंत दिसतील. दोन मांडवाला आणि गंठणाला, पन्नास हजार विहिरीच्या मोटारीला. कारखान्यानं उसाचं बिल दिलं नाही म्हणून सावकाराकडं जाऊ नका, मला सांगा. मला इथे खर्च काय आहे? भाडं आणि पेट्रोल. जास्तीच्या पाळ्या मी हौसेनं करतो, आईला वाटतं तसं कुणी करायला लावत नाही.

गडहिंग्लजच्या स्थळाचा फोटो पोचला. मुलगी छान आहे. हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. शुभाचं होऊ दे.

पाडव्याला गुढी उभारताना फोन करा, मी जागा असेन. आईनं गोळ्या वेळेवर घ्याव्या. थोरांस नमस्कार, चिंगीला पापा.

आपला,
संजू

ता. क. पुण्याचा एक सहकारी या महिन्यात येतोय, त्याच्याकडं पार्सल दिलंय. चॉकलेटं चिंगीची. नारिंगी टोपी अण्णांची. रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला जाताना घालत जा. गव्याला तिचं काही नाही, पण उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसाल.