मॅडम, नकाशा दोनदा परत पाठवलात त्याबद्दल थँक्यू

नमस्कार मॅडम,

हे पत्र खरंतर ऑफिसात येऊन हातात द्यायचं होतं, पण तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय, कोणी ना कोणी पोचवेलच. ओळखलंत ना? ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राच्या बांधकाम परवानगीच्या फाइलसाठी दर सोमवारी तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहायचो तो मी, आणि एकदा आवाज चढवून "आम्ही वर गेल्यावर परवानगी देणार का" असं बोलून गेलो तोही मीच. त्याबद्दल आधी सॉरी, आभार नंतर.

आमचा नकाशा किती देखणा होता तुम्हाला आठवत असेल. थ्रीडी चित्रं, समोर पूर्ण काच, आत चकचकीत टाइल्स, कमिटीतले सगळे खूश, आणि मी सेक्रेटरी म्हणून ऐटीत सही ठोकलेली. खरं सांगायचं तर मला नकाशा वाचताच येत नव्हता, पण तसं म्हणायची लाज वाटली. मग तो लाल शेऱ्यांसकट परत आला आणि आमच्याकडे एकच चर्चा, की यांना काहीतरी खुसपट काढायचंच असतं.

पहिला शेरा रॅम्पचा. मी भांडायलाच आलो होतो, तुम्ही एका कागदाच्या मागे हिशोब मांडलात. दाराशी 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, म्हणजे चढ 45 चा, उतार 1:12 हवा, म्हणजे 45 गुणिले 12, 5.4 मीटर लांबी पाहिजे, आणि नकाशात रॅम्प होता 3 मीटरचा. "काका, ही घसरगुंडी आहे," म्हणालात. मी म्हटलं ठीक आहे, वाढवतो, तर पुढे गेट आडवं येतं. तेव्हा तुम्ही विचारलंत की बाजूच्या अंगाला जमीन मुळातच उंच आहे, मग दार तिकडून का नाही? एवढी साधी गोष्ट! आर्किटेक्टला दर्शनी भाग रस्त्याकडे हवा होता, आम्हालाही, बाकी कारण काहीच नव्हतं. आता दार बाजूने आहे, एकही पायरी नाही, चालणारे आणि व्हीलचेअरवाले एकाच दाराने आत जाणार. आधी खुर्चीवाल्यांना वळसा घालून जायला लागणार होतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पण मला कायम आठवणार तो शनिवार, तुम्ही सुट्टीच्या दिवशी टेप आणि खडू घेऊन आमच्या बैठकीच्या खोलीत आलात आणि नकाशातलं टॉयलेट फरशीवर खऱ्या मापात काढलंत, कमोड इथे, बेसिन इथे, दार इथे. मग एका सभासदाची व्हीलचेअर घेऊन मला तिच्यात बसवलंत आणि म्हणालात, वळून दाखवा. वळायला दीड मीटरचा गोल लागतो हे तुम्ही आधीच लिहिलेलं, पण लिहिलेलं वाचणं वेगळं आणि सगळ्यांसमोर चार वेळा मागेपुढे करून बेसिनच्या रेषेवर अडकणं वेगळं. दार आत उघडणारं होतं. तुम्ही म्हणालात, आता समजा तुम्ही आत पडलात. मी आपला गंमत म्हणून खाली बसलो, पाय पसरले, आणि पाय बरोबर दार उघडताना फिरतं त्या पाव गोलात. बाहेरचा माणूस दार ढकलणार कसं? सगळे हसत होते, मी पण हसलो, आणि मग एकदम कोणीच हसेना कारण आमच्यातल्या दोघांच्या घरी हे अस्संच झालेलं होतं, दार तोडावं लागलं होतं.

टाइल्सचंही तसंच. मला वाटलं तुम्हाला आमचं सुंदर काही बघवत नाही. मग तुम्ही समजावलंत की साठीतल्या डोळ्यात पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून दिवे जास्त हवेत, पण चमक नको, कारण काचेतून ऊन पडलं की चकचकीत फरशी ओली दिसते आणि माणूस दबकत पाऊल टाकतो. मी तसाच चालतो मॅडम, मोठ्या दुकानांत, आणि आजवर दोष गुडघ्यांना देत होतो. हॉलच्या छताला आवाज शोषणारं मटेरियल लावायला लावलंत तेही पटलं, कान गेलेल्यांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत, घुमणाऱ्या खोलीत तर मुळीच नाही.

सगळंच पटलं असं मात्र नाही हां. झाडाखालचा कट्टा तुम्ही फायर ब्रिगेडच्या गाडीच्या वाटेसाठी काढायला लावलात. नियम आहे, गाडी आत यायलाच हवी, कळतं, पण कट्टा जरा सरकवता आला असता असं मला आजही वाटतं. आणि दुसरं, या दोन फेऱ्यांमध्ये पाच महिने गेले, त्यात आमचे एक सभासद गेले, ज्यांनी केंद्रासाठी सगळ्यात आधी अर्ज लिहिला होता. त्याचा राग तुमच्यावर नाही, पण आहे.

हरकती-सूचनांच्या सुनावणीत तर तुम्ही कमालच केलीत, मागे बसलेल्या आजींना ऐकू येत नव्हतं म्हणून प्रत्येक मुद्दा त्यांच्याजवळ जाऊन पुन्हा सांगितलात, आणि त्यांची सूचना, की कॉरिडॉरमध्ये मधे बसायला बाक हवा, ती जशीच्या तशी घेतलीत. आम्ही कमिटीत त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

काम आता फिनिशिंगला आलंय. परवा सुतार टॉयलेटचं दार बसवत होता आणि हाताच्या सवयीने ते आत उघडेल असंच लावायला निघाला. मी धावत जाऊन नकाशा उघडला, दाराचा पाव गोल बाहेरच्या बाजूला आहे तो त्याला बोट ठेवून दाखवला. तो म्हणाला, काका तुम्ही इंजिनिअर का? मी म्हटलं नाही रे बाबा, मी या दारात पडून बघितलंय.

तुमचा,
सोमवारवाला काका