पॉडकास्ट जरूर करा, पण मूळ ध्वनिमुद्रण ग्रंथालयात ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी पॉडकास्टमधून लोकांपुढे आणणाऱ्या तरुणांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी माण तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीभर ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. ही मुलं-मुली करताहेत ते काम मोलाचं आहे आणि त्यांचे भाग मी आवडीने ऐकते. पण भाग प्रसिद्ध झाला की आठवण कायमची सुरक्षित झाली, असा लेखाचा जो सूर होता तो मला पटला नाही. आपण ऐकतो तो निवडून, कापून, संगीत घालून तयार केलेला अर्धा तास असतो. त्यामागचं दोन-तीन तासांचं बोलणं कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहतं आणि जागा कमी पडली की पुसलं जातं. मला काळजी वाटते ती त्या बोलण्याची.

आमच्या आळीत एक वयस्कर बाई राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. १९७२च्या दुष्काळात त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या सून होत्या आणि सरकारी कामावर खडी फोडायला जात होत्या. त्यांच्या नात्यातला एक मुलगा पुण्याहून मुद्दाम आला आणि त्याने त्यांचं बोलणं पॉडकास्टसाठी मुद्रित केलं. सोबतीला म्हणून काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. मुलगा गुणी. पंखा बंद केला, फोन विमान-मोडवर टाकला, घाई केली नाही. काकू सुरुवातीला सगळेच सांगतात तसं सांगत होत्या. "लई हाल काढलं बाबा, तुमाला न्हाई कळायचं." रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी, तिची तव्यावरच तुटणारी भाकरी, पोरांना कामावर मिळणारी सुकडी. त्या वर्षाची गोष्ट सांगायला बसलेला कोणीही हे सांगतोच, आणि ते खरंही आहे.

मग त्या कामाकडे वळल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. कपचा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून फोडायच्या दगडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं घालायचं. खडी मोठी ठेवली तर मुकादम ढीग परत फोडायला लावायचा, बारीक करत बसलं तर दिवसाचा ढीग भरायचा नाही. मोजायला लाकडी चौकट असायची, हिशेब ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर. चौकटीच्या कोपऱ्यांत खडी कशी दाबली जाते, याकडे बायका डोळ्यांत तेल घालून बघायच्या, कारण तिथेच मजुरी कमीजास्त व्हायची. पाटलांच्या घरच्या सुनाही त्याच रांगेत बसलेल्या असायच्या, तोंडावरून पदर ओढून. रांग एक होती, पण पाण्याचे हंडे वेगळे होते. हे काकूंनी आपणहून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या आणि दाराशीच बसल्या. काकू एका उन्हाळ्याचं सांगत होत्या, तोच जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तू कुठं हुतीस तवा? तू म्हायेरी गेलीवतीस की बाळंतपणाला." काकू म्हणाल्या, माझं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) होतं. जाऊबाई म्हणाल्या, "नाव तुजं हुतं. खडी आपली धाकटी फोडत हुती." मग दोघींचं एकदमच बोलणं सुरू झालं. एकीचं वाक्य दुसरीने तोडायचं, पहिलीने ते दुरुस्त करायचं. त्यातून कळलं ते असं. काकू बाळंतपणाला गेल्या तेव्हा हातची मजुरी जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या जागी धाकट्या नणंदेला उभं केलं. वयाने ती मस्टरवर बसणारी नव्हती, म्हणून नाव काकूंचंच राहिलं. मुलगी शाळेत जात होती, ती सुटली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. ती आता हयात नाही. काकूंना हे सगळं माहीत होतं. पण जाऊबाईंनी टोकलं नसतं तर ते त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलं नसतं, याची मला खात्री आहे.

पुढे भाग आला. ऐकायला सुरेख होता. सुरुवातीला बासरी होती. मिलो होती, सुकडी होती, हाल होते. हंड्यांचं गाळलं होतं आणि दोन्ही जावांचं बोलणंही. विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, दोघींचे आवाज एकमेकांवर चढले होते, ऐकणाऱ्याला काहीच कळलं नसतं. आणि हंड्यांवरून खाली नको ते शेरे आले असते, आजींना त्रास झाला असता. दोन्ही कारणं मला समजतात. ऐकणाऱ्याला बांधून ठेवायचं तर कापावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसाची अब्रूही सांभाळावी लागते. भाग कसा करायचा हा त्याचा अधिकार आहे. माझं म्हणणं एवढंच, की जे गाळलं ते कुठेतरी शाबूत राहायला हवं. सुदैवाने त्याने ते पुसलं नव्हतं.

त्या दुष्काळाची आकडेवारी सरकारदरबारी भरपूर आहे. १९७३च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्याच अनुभवातून, आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या विचारातून, रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं आहे. पण त्या लाखांच्या हिशेबात काकू जिथे हजर आहेत, तिथे प्रत्यक्षात शाळा सोडलेली एक मुलगी बसलेली होती, हे कोणत्याही मस्टरवरून कधी कळणार नाही. अशा किती मुली होत्या, ते विचारायला आता थोडीच माणसं उरली आहेत. ७२ला २५ वर्षांची असलेली सून आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. मुकादम, मस्टर कारकून हे तर तिच्याहून मोठे.

त्याच्या आधी, १८७६-७७च्या दुष्काळातही याच मुलखात माणसांनी माती वाहिली, तलावांचे बांध घातले. किती मजूर, किती मजुरी, किती मृत्यू, सगळं इंग्रजांच्या अहवालांत लिहिलेलं आहे. आवाज मात्र एकाचाही नाही. एडिसनने फोनोग्राफ केला तोच १८७७मध्ये, म्हणजे त्या माणसांचा आवाज राहण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ग्रियर्सन या इंग्रज सरकारच्या अधिकारी-भाषाभ्यासकाच्या भाषिक सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनवर हिंदुस्थानातल्या भाषांचे नमुने मुद्रित झाले, त्यात मराठीही आहे. पण तिथे बहुतेकांकडून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट म्हणून घेतली होती. भाषांची तुलना करायची तर सगळ्यांचा मजकूर एकच हवा, हे त्यांचं कारण रास्त होतं. म्हणून आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचे उच्चार मिळतात, पण त्या माणसाने आदल्या दिवशी काय खाल्लं, कुणाकडे काम केलं, हे मिळत नाही. आपल्याकडे तर यंत्र घरोघरी आहे आणि विचारायला माणूसही समोर आहे.

हे नीट कसं करावं याचा मोठा आदर्श महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. पुष्कळशा उतरवून घेतल्या आणि कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रितही केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका यांची नोंद ठेवली. ती नोंद होती म्हणूनच पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा हाती घेतला, तेव्हा कार्यकर्ते बरीच वर्षं उलटल्यावरही त्या गावांत पुन्हा जाऊ शकले, हयात असलेल्या गायिकांना भेटू शकले. नुसती सुंदर ओवी निवडून कॅसेट काढली असती तर ती वाट कधीच बुजली असती.

अमेरिकेत २००३पासून 'स्टोरीकोर' नावाचा उपक्रम चालतो. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात त्यांनी पहिली खोली उभारली. या उपक्रमात एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसतात, आई आणि मुलगा, दोन मित्र, आणि ४० मिनिटं बोलतात. त्यातली काही मोजकी संभाषणं कापून रेडिओवर आणि पॉडकास्टमध्ये येतात, तीही अवघ्या काही मिनिटांची. पूर्ण ध्वनिमुद्रण मात्र, बोलणाऱ्यांची परवानगी असेल तर, तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन केंद्रात जमा होतं. लोकांपुढे आणायचं एकीकडे आणि साठवायचं दुसरीकडे, ही दोन कामं त्यांनी पहिल्यापासून वेगळी ठेवली. आणि ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसवण्याचं महत्त्व मी काकूंच्या सोप्यात पाहिलं आहे. पाहुण्याला माणूस शहाणपणाचं सांगतो, जावेसमोर त्याला खरं बोलावं लागतं.

आपल्याकडे लायब्ररी ऑफ काँग्रेस नाही, पण गावोगाव ग्रंथालयं आहेत. १९६७च्या कायद्याखाली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, तालुक्याच्या गावी एखादं तरी जुनं ग्रंथालय सापडतंच. तिथे कपाट असतं, नोंदवही असते आणि वस्तू जपून ठेवायची सवय असलेलं माणूस असतं. ज्या कंपनीच्या जागेवर पॉडकास्टचे भाग ठेवलेले असतात तिचं भाडं भरणं थांबलं की ते दिसेनासे होऊ शकतात. हौसेने सुरू केलेला पॉडकास्ट नोकरी, लग्न, बदली यांत बंद पडतो, त्यात कुणाचा दोष नाही. ग्रंथालय मात्र माणसं बदलली तरी चालू राहतं.

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. तासाभराचं, फाइलचा आकार न घटवलेलं, एकाच मायक्रोफोनचं ध्वनिमुद्रण साधारण ३०० एमबी होतं. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी २०० तासांची बोलणी मावतात. पण एकट्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. एक प्रत ग्रंथालयाच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या ग्रंथालयात आणि एक घरच्यांकडे असावी, आणि वर्षातून एकदा सगळ्या उघडून पाहाव्यात. पुस्तकांना आपण दरवर्षी ऊन दाखवतोच.

ध्वनिफितीपेक्षाही जास्त जपायची ती तिची नोंद. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी जसा निरुपयोगी होतो, तसंच बोलण्याचं. कोण बोललं, वय किती, सासर-माहेर कोणतं, विचारणारं कोण, खोलीत आणखी कोण होतं, कुठल्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे. खोलीत कोण होतं ही नोंद लोक विसरतात. सासू बसलेली असताना सुनेने सांगितलेलं आणि ती उठून गेल्यावर सांगितलेलं, यांत फरक असतो, आणि पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तो कळायला हवा.

आणि परवानगी. ती कागदावर घ्यावी आणि आधी वाचून दाखवावी. सगळं लगेच खुलं करायची गरज नाही. काकूंना आम्ही विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हंड्यांचं आत्ताच ऐकवा, लपवायचं काय त्यात, सगळ्या गावाने बघितलेलं आहे. नणंदेचं मात्र तिची मुलं आहेत तोवर बाहेर काढू नका. म्हणून इथे मी गाव आणि घर ओळखू येणार नाही इतपतच लिहिलं आहे, तेही त्यांना वाचून दाखवून. मूळ ध्वनिमुद्रण बंद पाकिटात नोंदीसह ठेवलं आहे, पाकिटावर अट लिहिली आहे. पॉडकास्टच्या भागात अशी सोय करता येत नाही. तिथे एकतर सगळ्यांनी ऐकायचं, नाहीतर ते गाळायचं.

राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाला माझी विनंती आहे की तालुका पातळीवरच्या ग्रंथालयांना अशा ध्वनिमुद्रणांसाठी एक हार्ड डिस्क आणि नोंदीचा एक ठरावीक नमुना द्यावा. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात याला एखादा दिवस असावा. पॉडकास्ट करणाऱ्या तरुणांना विनंती अशी की भाग प्रसिद्ध केल्यावर मूळ फाइल पुसू नये, ती त्या माणसाच्या तालुक्याला परत द्यावी.

माण, खटाव आणि आटपाडी या तालुक्यांत ७२च्या कामांवर गेलेलं माणूस ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ध्वनिमुद्रण आमच्या ग्रंथालयात आणून दिलं तर नोंद करून घ्यायला मी दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी तिथे बसते. फोनवर बोलणं कसं मुद्रित करायचं हे ज्यांना येत नाही, त्यांच्या घरी यायचीही माझी तयारी आहे. शक्यतो त्या वेळी जाऊ, नणंद, भावकीतलं समवयस्क कोणीतरी घरी असेल असं बघावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
ता. माण, जि. सातारा