कपाटातली ती फाइल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

शुक्रवारी बाबांची अँजिओग्राफी ठरल्याचे काल आईने फोनवर सांगितले, तेव्हापासून माझ्या डोक्यात 2011 सालच्या बायपासची फाइलच घोळते आहे. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली, चितळ्यांच्या पिशवीत ती ठेवलेली होती. तिच्यातले डिस्चार्ज कार्ड लागेलच, पण त्याहून मोलाची आहे ती ऑपरेशन नोट, म्हणजे कोणती रक्तवाहिनी कुठून घेऊन कुठे जोडली याची सर्जनने करून ठेवलेली नोंद.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून काम करताना, बायपास झालेला रुग्ण कागदांशिवाय टेबलावर आला की काय होते, ते मी अनेकदा पाहिले आहे. ग्राफ्ट, म्हणजे बायपासला जोडलेल्या वाहिन्या, किती आणि कुठे हे ठाऊक नसेल तर महाधमनीत एकेकाचे तोंड चाचपत शोधावे लागते, त्यात वेळ जातो आणि वाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडायची डायही जास्त लागते. बाबांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन 1.5 आहे, जास्तीच्या डायचा भार शेवटी मूत्रपिंडावरच पडणार. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, आणि अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. (कट्ट्यावरच्या मंडळींचा सल्ला या बाबतीत घेऊ नये, ही विनंती.)

सुई बहुधा डाव्या मनगटातून घालतील, त्याचे आश्चर्य वाटू देऊ नका. छातीच्या आतल्या बाजूची जी धमनी बायपासला वापरतात, ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतूनच निघते, म्हणून तिथून तिच्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते. जांघेतून केलेच, तर नंतर कंबरेत किंवा पाठीत दुखू लागल्यास 'झोपून झोपून आखडली असेल' असे म्हणून बाबांनी गप्प बसू नये. आत रक्तस्राव होत असला तरी तसेच दुखते.

छातीतली ती धमनी वर्षानुवर्षे टिकते. माझी खरी काळजी पायातून काढलेल्या शिरेची आहे. बाबांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा तो व्रण आठवतो ना, तिचीच. 1967 साली क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर हृदयाला जोडण्याची ही पद्धत रुजवली आणि तिने असंख्य माणसे जगवली, पण शिरेची भिंत धमनीतल्या दाबासाठी घडलेली नसते. दहा वर्षांत अशा जवळजवळ निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खराब होतात. आत साठलेला थर भुसभुशीत असतो. अँजिओप्लास्टीत वाहिनी उघडायला आत फुगा फुगवताना त्या थराचे कण सुटून पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकले, तर वाट मोकळी दिसूनही रक्त पुढे सरकत नाही. म्हणून अँजिओप्लास्टीची वेळ आलीच, तर जुन्या शिरेऐवजी हृदयाची मूळ धमनी उघडता येईल का, आणि शिरेतच काम करायचे झाल्यास कण अडवणारी जाळी लावता येईल का, एवढे जरूर विचारा.

क्वचित वाहिनीला छिद्र पडते. तेव्हा फुगा आतच फुगवून धरतात, गरज पडली तर छिद्र झाकणारा, पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट (वाहिनीत बसवायची जाळीदार नळी) बसवतात. बायपासच्या वेळी हृदयाभोवतीचे आवरण उघडलेले असते आणि नंतर आत सगळे चिकटते, त्यामुळे अशा रुग्णाला हृदयाभोवती रक्त साठण्याचा धोका नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. रक्त सगळीकडे न पसरता एखाद्या कप्प्यात कोंडते आणि हृदयाचा तेवढाच भाग दाबते. साध्या एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते निसटू शकते, आणि नेहमीसारखे सुईने काढायला गेले तर सुई तिथवर पोहोचेलच असे नाही. म्हणून आई, प्रोसिजरनंतर बाबांचा रक्तदाब उतरला, दम लागला किंवा ते उगाच अस्वस्थ झाले, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग, 'यांची बायपास झालेली आहे.' रात्रपाळीला आलेल्या माणसाने केस पेपर पूर्ण वाचलेला असेलच, असे धरून चालू नकोस.

मी गुरुवारी सकाळी इंदूरहून निघते, रात्री स्वारगेटला उतरेन. बाबांनी न्यायला येऊ नये. फाइल सापडली की ऑपरेशन नोटच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, कारण मला आठवते त्याप्रमाणे ग्राफ्टची आकृती मागच्या बाजूला काढलेली आहे.

तुमची,
मुक्ता