बाबा, खुर्चीची उंची मोजून पाठवा

स्टुटगार्ट, नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

रोज फोनवर बोलतो, तरी आज मुद्दाम पत्र लिहायला बसले. गुडघ्याचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. पत्राचं तसं करता येत नाही. ते शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि तुम्ही वाचालच.

आईने परवा विचारलं, "साडेचारला अंधार पडतो म्हणतेस, मग एवढ्या मोठ्या संध्याकाळी घरात एकटी करतेस तरी काय?" तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगला पळाले. त्याचं उत्तर आज सविस्तर देते, कारण त्यातूनच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आले तेव्हा दोन बॅगा होत्या आणि त्यातल्या एकीत निम्मी जागा आईच्या मिक्सरची. तो अजून रोज चालतो. इथली वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. फक्त आपला तीन जाड पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून अडॅप्टर लावला. शेंगदाण्याची चटणी करायला घेतली की घरात आपल्या सांगलीच्या गावभागातल्या स्वयंपाकघराचा आवाज येतो. बाकी खोलीत काय होतं? खाट, टेबल, लॅपटॉप. आठवड्यातले तीन दिवस काम घरूनच. इथे आल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारी महिन्यात कंबर अशी धरली की मोजे घालायला भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगते. डॉक्टरबाईंनी गोळी दिलीच नाही. म्हणाल्या, बसणं कमी करा, हालचाल वाढवा.

पण हालचाल कुठे करणार? सकाळी आठपर्यंत उजाडत नाही, फुटपाथवर बर्फ. घाबरून मी ऑनलाइन नवी ट्रेडमिल मागवली. ती माझी चूक. घर जुनं, जमीन लाकडाची. मी तिसऱ्या मजल्यावर धावायला लागले की खालच्या बाईंच्या कपाटातली भांडी वाजायची. चौथ्या दिवशी दाराला चिठ्ठी लावलेली दिसली. भाषा सभ्य होती, पण वाचून डोळ्यात पाणी आलं. परक्या देशात आपल्यामुळे कुणाला त्रास होतोय, हे फार लागतं. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी तर दिवसभर. भिंतीला ड्रिलसुद्धा मारत नाहीत. एक बरं होतं, ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, तसा कायदाच आहे. परतीचं भाडं मात्र माझ्या खिशातून गेलं, आणि ते अवजड खोकं लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून उतरवताना शेजारच्या मुलाला हाताशी घ्यावं लागलं.

मग ऑफिसातल्या सोलापूरच्या सहकाऱ्याने क्लाइनअन्त्साइगेन दाखवलं. जुन्या वस्तू लोक इथे आपसात विकतात, ते हे ठिकाण. त्याचा नियम साधा आहे: जाऊन वस्तू डोळ्यांनी बघायची, चालवायची, मगच पैसे द्यायचे. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला बहुतेक वेळा नंतर काही हमी नसते. मला व्यायामाची सायकल मिळाली, ६० युरोला. आपल्या हिशेबाने सहा हजारांच्या आसपास. विकणारी एक नर्स होती, गाव बदलत होती. तिनेच सीटची उंची लावून दिली. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पूर्ण ताठ नको आणि फार दुमडलेलाही नको, हे तिने मला तीनदा करून दाखवलं.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. ही सायकल अजिबात वाजत नाही. मी आधी खाली वाकून बघितलं, ब्रेकचा पट्टा कुठे घासतो ते. कुठेच घासत नाही! जड चाकाच्या कडेजवळ लोहचुंबक आहेत. नॉब फिरवला की ते चाकाच्या आणखी जवळ येतात आणि पायडल जड होतं. चाकाच्या धातूत फिरते प्रवाह तयार होतात आणि तेच चाकाला मागे ओढतात. बघताक्षणी मला आपल्या जिन्याखालचा जुना लाईट मीटर आठवला. त्यातली ॲल्युमिनियमची चकती आणि तिला आवरणारं चुंबक तुम्ही मला टॉर्च लावून दाखवलं होतं. मी तेव्हा चौथीत असेन. तेच तत्त्व स्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या पायाखाली फिरतंय. आता रविवारी सकाळी सात वाजता चालवली तरी खालच्या बाईंना पत्ता लागत नाही. त्या आता जिन्यात भेटल्या की थांबून बोलतात.

आई, तुझ्यासाठी दुसरी गोष्ट. लॅपटॉपवर गाणं ऐकायचा मला कंटाळा आला होता. एका निवृत्त आजोबांकडे जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर होते. घ्यायला गेले ती दोन तास तिथेच रमले. त्यांनी प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधून ठेवली होती, डावी-उजवी, लाल-काळी. कुठची, म्हणून विचारलं. सांगलीची म्हटल्यावर अर्थातच काही कळेना, म्हणून मिरजेचं सांगितलं. पंढरपूरकडून भोपळे येतात, त्यांचे तानपुरे आणि सतारी मिरजेत पिढ्यान् पिढ्या बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते म्हणाले, मग ऐकवा. मी फोन जोडला आणि नुसता तानपुरा लावला. आई, जवारी ऐकू आली गं. खर्जाची तार छेडल्यावर तो जो मधमाश्यांसारखा गुंजारव उठतो, तो लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतकी वर्षं माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत महोत्सवात चिंचेखाली सतरंजीवर मी तुझ्या मांडीवर झोपायचे, त्या रात्री आठवल्या. आजोबा डोळे मिटून बसले होते. निघताना त्यांनी स्पीकर स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून दिले आणि घोंगडी परत नको म्हणाले.

आता संध्याकाळी त्याच स्पीकरवर आकाशवाणीच्या ॲपमधून सांगली केंद्र लावते. तू सकाळी लावतेस तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून मला संध्याकाळचं तेवढं मिळतं. टीव्ही घेतलेला नाही. गंमत म्हणजे टीव्ही असो-नसो, इथे दर घराला महिन्याला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी द्यावीच लागते, म्हणून त्यांच्या बातम्या लॅपटॉपवर बघून भाषा सुधारतेय. तुझ्या मालिकांपैकी काही इथे दिसतात, काहींवर "तुमच्या देशात उपलब्ध नाही" येतं; हक्क देशागणिक विकलेले असतात. तेव्हा मला कथा फोनवर सांगत जा. तू सांगतेस ती जास्त रंगते.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तीस वर्षं तुम्ही गावभागातून स्टेशनपर्यंत सायकल मारली आणि पुढे गाडीने किर्लोस्करवाडीचा कारखाना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानापासून केली, ही गोष्ट तुम्ही मला सायकल शिकवताना सांगितली होती, घाटाच्या उतारावर, मागून सीट धरून. २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या मजल्यावरचा टीव्ही, फ्रीज आणि ती सायकल सगळं गेलं. टीव्ही-फ्रीज पुन्हा आले. सायकल तुम्ही घेतली नाहीत. मग गुडघा सुरू झाला, आणि आता आई सांगते की तुम्ही गणपतीच्या देवळापर्यंतसुद्धा जात नाही, दिवसभर त्या वेताच्या खुर्चीत असता.

मला फार काळजी वाटते, बाबा. माझी कंबर ऐन पस्तिशीत नुसत्या बसण्याने धरली, मग तुमच्या गुडघ्याचं काय होत असेल?

आधी ठरवलं होतं, माझ्यासारखीच सायकल घेऊन द्यावी. मग विचार केला. ती खाली ठेवली तर पुन्हा पाणी आल्यावर कोण उचलणार? वर ठेवली तर तुम्हालाच जिना चढायला लागणार. म्हणून मोठी सायकल नको. नुसती पायडलं मिळतात, खुर्चीसमोर जमिनीवर ठेवायची. बसल्याबसल्या पाय फिरवायचे. चार-पाच किलो वजन, आईसुद्धा माळ्यावर नेऊन ठेवेल. इथून आणणार नाही. इथली हमी तिथे चालेलच असं नाही, आणि बेअरिंग बिघडलं तर सुटा भाग कुठून आणायचा? वस्तू तिथेच घ्यावी जिथे तिचा दुरुस्त करणारा आहे. दादा पुण्याहून येईल तेव्हा त्याच्याबरोबर सांगलीतच दुकानात जा, हाताने फिरवून बघा. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला बुशिंग ढिलं आहे की नाही ते मी सांगायला नको. त्याआधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा, किती मिनिटं आणि किती जड. ते नको म्हणाले तर मी हट्ट करणार नाही.

बीपीचं मशीन मात्र घेऊनच टाका, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीला, आणि मोजताना आईशी बोलायचं नाही. आकडा वहीत लिहा. टीव्हीचा आवाज हल्ली फार मोठा लावता असं आई म्हणते. त्यासाठी हेडफोन पाठवण्याआधी कान तपासून घ्यायचे आहेत. डिसेंबरात आले की मी बरोबर येईन.

रविवारी तुमचे साडेअकरा म्हणजे माझे सकाळचे सात. मी सायकलवर बसून व्हिडिओ कॉल करेन, तुम्ही पायडलं घेऊन बसा. दहा मिनिटं, जास्त नाही. बोलायचं नसेल तर बोलू नका, आई फोन धरेल. पायडलं फरशीवर सरकतात, तेव्हा खाली जुनी सतरंजी घडी करून घाला आणि खुर्ची भिंतीला टेकवा. तुमच्या त्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून पाठवा, म्हणजे दादा त्या मापाची पायडलं बघेल. टेप मिळाला नाही तर पत्र्याच्या ट्रंकेत तुमची स्टीलची फूटपट्टी आहे, पुरानंतर मीच पुसून, तेल लावून ठेवली होती.

तुमची,
मनू